ज्या मंत्र्यानं महिलांसाठी विधानसभेचं दार उघडलं, त्यालाच पाडून ती ऑस्ट्रेलियाची पहिली महिला आमदार झाली

मे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेची जगभर फजिती झाली. ५० डॉलरची नवी नोट बाजारात येऊन सहा-सात महिने झाले होते. नक्कल करता येऊ नये म्हणून नोटेवर इतक्या बारीक अक्षरांत मजकूर छापला होता की साध्या डोळ्यांनी तो वाचताच येत नव्हता. कुणीतरी तो मोठा करून वाचला, फोटो काढला आणि एका रेडिओ स्टेशनला पाठवून दिला. त्यात रिस्पॉन्सिबिलिटी या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. बरं, चूक एकदा नाही, तर तीनदा. तोवर अशा सुमारे ४ कोटी ६० लाख नोटा लोकांच्या खिशात पोचल्या होत्या.

बातमी व्हायरल झाली, लोक हसले, बँकेनं पुढच्या छपाईत चूक सुधारू असं सांगितलं आणि विषय संपला. पण त्या बारीक अक्षरांत नेमकं छापलं होतं काय?

तर ते होतं एका भाषणातलं. २८ जुलै १९२१ ला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या विधानसभेत एका आजींनी केलेलं पहिलं भाषण. त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला तेव्हा पाच दिवस बाकी होते. सभागृहात एकूण ५० आमदार होते आणि त्यातले ४९ पुरुष होते.

पन्नासाव्या होत्या एडिथ कोवन. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही संसदेत किंवा विधानसभेत निवडून आलेल्या पहिल्या महिला.

त्यांनी ज्यांना पाडलं, त्या गृहस्थांनीच महिलांना निवडणूक लढवता यावी म्हणून विधेयक मांडलं होतं. हा किस्सा तर भारी आहेच. पण एडिथ यांचं आयुष्य या एका किश्श्यापेक्षा खूप मोठं आहे आणि त्याची सुरुवात एका खुनानं होते.

चौदाव्या वर्षी वडील फासावर गेले

एडिथ डर्कसी ब्राऊन यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा. गाव म्हणावं असं काही नव्हतंच. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटन शहराजवळ ग्लेनगॅरी नावाचं मेंढपाळीचं मोठं फार्म होतं, तिथं त्या जन्मल्या. वडील केनेथ ब्राऊन हे या भागात सुरुवातीला येऊन वसलेल्या इंग्रज कुटुंबातले. आई मेरी शिक्षिका होती. आईचे वडील या वसाहतीचे सरकारी धर्मगुरू होते. थोडक्यात काय, तर घराणं खानदानी, पैसा-अडका बरा आणि समाजात नाव.

१८६८ मध्ये बाळंतपणात आई गेली. एडिथ तेव्हा सात वर्षांची होती. तिला पर्थ शहरातल्या एका बोर्डिंग स्कूलमध्ये ठेवण्यात आलं. ही शाळा कोवन नावाच्या बहिणी चालवायच्या. हे आडनाव लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

वडिलांनी दुसरं लग्न केलं, पण ते सुखाचं झालं नाही. दारू वाढली, भांडणं वाढली. १८७६ मध्ये केनेथ ब्राऊन यांनी आपल्या दुसऱ्या पत्नीला गोळी घालून ठार केलं.

खटला एकदा नाही, तीनदा चालला. पहिल्या दोन वेळी ज्युरीचं एकमत झालं नाही. तिसऱ्या वेळी झालं आणि जून १८७६ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली.

तेव्हाचं पर्थ म्हणजे जेमतेम काही हजार वस्तीचं शहर. सगळे सगळ्यांना ओळखणारे. ब्राऊन घराणं तर नावाजलेलं. अशा ठिकाणी तीन-तीन खटले चालतात तेव्हा त्याची चर्चा घराघरात होते. आई नाही, बाप फासावर गेलेला, अशी ती १४ वर्षांची मुलगी. तिनं बोर्डिंग स्कूल सोडलं आणि ती आजीकडे गिल्डफर्ड या गावात राहायला गेली. तिथं कॅनन स्वीटिंग नावाच्या शिक्षकांकडे पुढचं शिक्षण झालं. या स्वीटिंग यांचे विद्यार्थी पुढं वसाहतीचे मोठमोठे नेते झाले. त्यांच्याकडून एडिथनं वाचनाची आवड घेतली, ती शेवटपर्यंत टिकली.

वडिलांच्या प्रकरणाचा तिच्या मनावर काय परिणाम झाला हे ठरवत बसण्यापेक्षा तिनं पुढं काय काम केलं ते पाहावं. एकटी पडलेली मुलं आणि घरात कसलंच संरक्षण नसलेल्या बायका. पुढची ५० वर्षं ती याच दोन गोष्टींसाठी झगडत राहिली.

कोर्टातला नवरा आणि कोर्टातून दिसलेला समाज

१२ नोव्हेंबर १८७९ ला, १८ व्या वर्षी, एडिथचं लग्न झालं. नवरा जेम्स कोवन. ज्या बहिणींच्या शाळेत ती शिकली त्यांचाच हा भाऊ. जेम्स हे वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयात रजिस्ट्रार होते. ज्या न्यायव्यवस्थेनं वडिलांना फाशी दिली, त्याच व्यवस्थेत काम करणाऱ्या माणसाशी तिनं संसार थाटला.

१८८० ते १८९१ या काळात त्यांना चार मुली आणि एक मुलगा झाला. १८९० मध्ये जेम्स यांची पर्थचे पोलीस मॅजिस्ट्रेट म्हणून नेमणूक झाली. म्हणजे आता घर कायमचं सुस्थितीत आलं. दुसरं कुणी असतं तर चहापार्ट्या आणि चर्चमधल्या कार्यक्रमांत आयुष्य काढलं असतं.

पण मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात रोज काय यायचं? दारुड्या नवऱ्यानं मारहाण केलेल्या बायका, टाकून दिलेली बाळं, पोटासाठी चोरी केलेली पोरं. ही पोरं मोठ्या गुन्हेगारांच्याच कोर्टात उभी केली जायची. नवऱ्याच्या कामामुळे एडिथ यांना शहराची ही बाजू जवळून कळली.

त्यातच १८९० च्या दशकात वेस्टर्न ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं. १८९१ मध्ये या वसाहतीची लोकसंख्या सुमारे ५० हजार होती, ती दहा वर्षांत १ लाख ८० हजारांच्या वर गेली. जगभरातून तरुण पोरं खाणींकडे धावली. पैसा आला, गर्दी आली आणि गर्दीबरोबर येणारे सगळे प्रश्नही आले.

एक वाचन मंडळ आणि मतदानाचा हक्क

१८९४ मध्ये पर्थमधल्या काही बायकांनी कराकट्टा क्लब सुरू केला. ऑस्ट्रेलियातला हा महिलांचा पहिला क्लब मानला जातो. शहरात आलेल्या एमिली रायडर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी ही कल्पना सुचवली होती. एडिथ या क्लबच्या पहिल्या सेक्रेटरी झाल्या.

क्लब म्हटलं की पत्ते आणि गप्पा डोळ्यांसमोर येतात. इथं तसं नव्हतं. बायका पुस्तकं वाचायच्या, आरोग्य, कायदा, शिक्षण अशा विषयांवर टिपणं काढायच्या आणि उभं राहून सगळ्यांसमोर बोलायच्या. ज्या काळात बाईनं चारचौघांत भाषण करणं म्हणजे अगोचरपणा समजला जायचा, त्या काळात ही भाषणाची तालीमच होती.

या क्लबनं मतदानाच्या हक्काची मागणी लावून धरली. १८९९ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या महिलांना मतदानाचा अधिकार मिळाला. आता हे सरकारच्या उदारपणामुळं झालं का? पूर्णपणे नाही. खाणीकामगार पुरुष मोठ्या संख्येनं आले होते आणि ते सरकारच्या विरोधात होते. जुन्या वस्तीतल्या बायकांना मत दिलं तर आपलं पारडं जड होईल, असा हिशेब सत्ताधाऱ्यांनी केला होता. राजकारण तेव्हाही राजकारणच होतं.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायला हवी. हा हक्क त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना नव्हता. ज्यांच्या जमिनीवर ब्राऊन कुटुंबासारख्यांची मेंढ्यांची फार्म उभी राहिली, त्या आदिवासी स्त्री-पुरुषांना वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मतदानाचा पुरा हक्क मिळायला १९६२ साल उजाडलं. महिलांच्या विजयाची ही बाजू बराच काळ कुणी सांगत नव्हतं.

पाळणाघर, बालन्यायालय, प्रसूती रुग्णालय

महिलांना मत मिळालं, पण विधानसभेत बसायची मुभा नव्हती. मग एडिथ यांनी बाहेरूनच काम सुरू केलं.

त्या नॉर्थ फ्रीमँटलच्या शिक्षण मंडळावर निवडून गेल्या. महिलांना मोकळ्या असलेल्या मोजक्या सार्वजनिक पदांपैकी हे एक होतं.

१९०६ मध्ये त्यांच्या पुढाकारानं बालकांच्या संरक्षणासाठी संस्था उभी राहिली. या संस्थेनं रेटा लावला आणि १९०७ मध्ये मुलांसाठी वेगळं न्यायालय आलं. मोठ्या गुन्हेगारांच्या रांगेत मुलांना उभं करणं थांबलं. १९०९ मध्ये याच संस्थेनं कामाला जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं. १९१५ मध्ये एडिथ यांना त्या बालन्यायालयाच्या बेंचवर नेमण्यात आलं. ज्या न्यायालयासाठी त्या झगडल्या, त्यातच त्या न्याय द्यायला बसल्या.

मग आला बाळंतपणाचा विषय. ज्या बाईची स्वतःची आई बाळंतपणात गेली, तिला हा विषय नवा नव्हता. पर्थमध्ये महिलांसाठी वेगळं प्रसूती रुग्णालय असावं, अशी मागणी महिला संघटनांनी वर्षानुवर्षं केली. निवेदनं, शिष्टमंडळं, निधी, परत निवेदनं. अखेर १९१६ मध्ये किंग एडवर्ड मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. या मोहिमेत एडिथ आघाडीवर होत्या. हे रुग्णालय पुढं राज्यातलं सगळ्यात मोठं प्रसूती रुग्णालय बनलं.

१९१३ ते १९२१ त्या राज्याच्या राष्ट्रीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी कपडे आणि खाणं गोळा करणं, परत आलेल्यांची व्यवस्था लावणं, ही कामंही त्यांनी केली. १९२० मध्ये त्यांना ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. त्याच वर्षी, कायदा बदलल्यावर, राज्यातल्या पहिल्या महिला जस्टिस ऑफ द पीसमध्येही त्यांचं नाव आलं.

सगळ्यांशी त्यांचं पटायचं असंही नाही. १९१५ मध्ये लैंगिक आजारांची सक्तीनं नोंद करण्याचा कायदा आला तेव्हा एडिथ त्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या. बऱ्याच कार्यकर्त्या महिलांना हा कायदा बायकांवर अन्याय करणारा वाटत होता. चळवळीत उभी फूट पडली आणि ज्या संघटनेच्या स्थापनेत एडिथ होत्या, तिच्यातूनच पुढं त्यांना बाहेर पडावं लागलं. पटलं ते बोलायचं आणि त्याची किंमत मोजायची, हा त्यांचा स्वभाव इथंच दिसला होता.

४६ मतांनी झालेला इतिहास

१९२० मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियानं कायदा बदलून महिलांना निवडणूक लढवण्याची परवानगी दिली. हे विधेयक मांडलं होतं राज्याचे ॲटर्नी जनरल थॉमस ड्रेपर यांनी.

ऑस्ट्रेलियाची रचना इथं थोडी समजून घेऊ. १९०१ मध्ये सहा वसाहती एकत्र येऊन देश बनला. प्रत्येक वसाहत राज्य झाली आणि तिची स्वतःची संसद राहिली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आपल्याकडच्या विधानसभा आणि विधान परिषदेसारखी दोन सभागृहं आहेत. देशाच्या संसदेची निवडणूक महिला १९०२ पासूनच लढवू शकत होत्या. साउथ ऑस्ट्रेलियात तर हा हक्क १८९४ मध्येच मिळाला होता. पण १९२१ पर्यंत कुठंही एकही महिला निवडून आली नव्हती. कायदा होता, पण निवडून आलेली बाई नव्हती.

मार्च १९२१ ची निवडणूक लागली. राज्यात पाच महिला उभ्या राहिल्या. एडिथ यांनी वेस्ट पर्थ मतदारसंघ निवडला. त्या नॅशनलिस्ट पक्षाच्या उमेदवार होत्या. आणि तिथले विद्यमान आमदार कोण? तेच थॉमस ड्रेपर. तेही नॅशनलिस्टच. म्हणजे लढत घरच्या घरात होती.

प्रचारात एडिथ यांनी दोन गोष्टी लावून धरल्या. एक, कायदा आणि सुव्यवस्था, कारण युद्धानंतर बंदरात आणि खाणींमध्ये संप आणि हाणामाऱ्या झाल्या होत्या. दुसरी, बायका आणि मुलांचे प्रश्न मांडायला सभागृहात बाई हवी.

टीका कशी झाली असेल याचा अंदाज येतोच. ही बाई घर वाऱ्यावर सोडून निघाली, हिला आईचं काळीजच नाही, अशी बोलणी त्यांना खावी लागली. खरं तर त्यांचं धाकटं मूलसुद्धा तेव्हा तिशीला आलं होतं. घरी सांभाळायला लहान लेकरू नव्हतंच, पण हा प्रश्न फक्त बायकांनाच विचारला जातो, त्यामुळं वय बघतंय कोण.

निकाल लागला. एडिथ कोवन ४६ मतांनी जिंकल्या.

ज्या कायद्यानं त्या उभ्या राहू शकल्या, तो मांडणाऱ्या मंत्र्याची आमदारकी त्याच कायद्यानं घेतली. ड्रेपर यांचं पुढं वाईट झालं नाही, त्याच वर्षी ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

हा चमत्कार वाटत असेल तर मागची २५ वर्षं आठवा. शिक्षण मंडळ, पाळणाघर, बालन्यायालय, रुग्णालय, सैनिकांचं काम. त्या मतदारसंघातल्या कितीतरी घरांना हे नाव निवडणुकीच्या पोस्टरवर पहिल्यांदा दिसलं नव्हतं.

निवडून आल्यावर एडिथ यांनी निलगिरीच्या फळाच्या आकाराचा एक ब्रोच बनवून घेतला. निलगिरीचं हे फळ लाकडासारखं टणक असतं. महिलांसाठी विधानसभेत शिरणंही तेवढंच कठीण होतं, असा त्याचा अर्थ. हा ब्रोच आज ५० डॉलरच्या नोटेवर छापलेला आहे.

बाबागाडीचं भाडं आणि आईचा वारसा

विधानसभेच्या इमारतीत महिलांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. महिला आमदार येईल असं बांधताना कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एडिथ यांचं घर जवळ होतं, म्हणून त्या मधल्या वेळेत घरी जाऊन यायच्या, असं सांगतात.

पहिल्याच भाषणात त्यांनी बाबागाडीचा विषय काढला. रेल्वेतून बाबागाडी न्यायची तर आयांना वेगळे पैसे मोजावे लागायचे. परवडत नाही म्हणून त्या जड पोर कडेवर घेऊन फिरायच्या. रेल्वेमंत्र्यांनी असं पोर उचलून रस्त्यानं फिरून बघावं, म्हणजे कळेल, अशा अर्थाचा चिमटा त्यांनी काढला. काहींना हा विषय विधानसभेच्या पातळीचा वाटला नसेल. पण ४९ पुरुषांपैकी कुणाला तो दिसला नव्हता, हाच तर मुद्दा होता.

पुढच्या तीन वर्षांत त्यांनी दोन कायदे मंजूर करून घेतले. दोन्ही सरकारचे नव्हते, एका आमदारानं स्वतः मांडलेले होते. अशी विधेयकं पास होणं किती अवघड असतं हे आपल्याकडं राजकारण फॉलो करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पहिला १९२२ चा. एखादा माणूस मृत्युपत्र न करता आणि मूलबाळ नसताना वारला, तर त्याच्या मालमत्तेत आईलाही वडिलांच्या बरोबरीनं वाटा मिळायला लागला. तोवर आई मागच्या रांगेत होती.

दुसरा १९२३ चा, महिलांच्या कायदेशीर दर्जाबद्दलचा. बाई आहे किंवा लग्न झालेली आहे, एवढ्या कारणावरून कुणालाही वकिलीसारखा व्यवसाय किंवा सार्वजनिक पद नाकारता येणार नाही, असं या कायद्यानं ठरवलं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या मुलींसाठी वकिलीचं दार यानंच उघडलं.

याशिवाय शाळांमध्ये लैंगिक शिक्षण असावं, नवजात बाळांसाठी आरोग्य केंद्रं असावीत, गृहिणीला नवऱ्याच्या कमाईत कायदेशीर वाटा असावा, असं त्या मांडत राहिल्या. घरकाम हेही काम आहे आणि त्याची किंमत व्हायला हवी, ही चर्चा आज इन्स्टाग्रामवर रंगते. एडिथ हे १९२० च्या दशकात बोलत होत्या.

तीन वर्षांत आमदारकी गेली

एडिथ यांचा एक समज होता. प्रत्येक विषयावर त्याचं भलं-बुरं बघून मत द्यायचं, पक्ष कुणाचा ते बघायचं नाही. आपला पक्ष हे समजून घेईल असं त्यांना वाटलं.

पक्षानं समजून घेतलं नाही. मुख्यमंत्री, तिकडच्या भाषेत प्रीमियर, जेम्स मिशेल यांच्याशी त्यांचे खटके उडाले. पटलं तर त्या विरोधी मजूर पक्षाच्या बाजूनं बोलायच्या. त्यामुळं स्वपक्षातले लोक नाराज झाले. मजूर पक्षाला त्या आपल्या कधी वाटल्याच नाहीत, कारण मुळात त्या नॅशनलिस्ट आणि संपांच्या विरोधातल्या. म्हणजे इकडच्याही नाहीत आणि तिकडच्याही नाहीत.

१९२४ च्या निवडणुकीत त्या हरल्या. १९२७ मध्ये परत उभ्या राहिल्या, परत हरल्या. विधानसभेत त्या बसल्या फक्त एक टर्म. त्यांच्या पराभवानंतर सभागृह पुन्हा पूर्ण पुरुषांचं झालं. १९२५ मध्ये मजूर पक्षाच्या मे होल्मन पोटनिवडणुकीत जिंकून आल्या, तेव्हा ही रिकामी जागा भरली.

आमदारकी गेली म्हणून एडिथ घरी बसल्या नाहीत. १९२५ मध्ये त्या अमेरिकेत महिलांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. १९२६ मध्ये राज्याचा इतिहास जपणारी संस्था स्थापन करण्यात त्यांचा हात होता. १९२९ च्या राज्याच्या शताब्दी सोहळ्याच्या तयारीत त्या होत्या. बालन्यायालयाचं काम तर चालूच होतं.

९ जून १९३२ ला, ७० व्या वर्षी, पर्थमध्ये त्यांचं निधन झालं. कराकट्टा इथल्या स्मशानभूमीत त्यांना पुरण्यात आलं.

मेल्यावरही वाद

त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी पर्थच्या किंग्ज पार्कच्या प्रवेशद्वाराशी घड्याळाचा मनोरा उभारायचं ठरवलं. लगेच विरोध सुरू झाला. इतक्या मोक्याच्या जागी असं स्मारक शोभणार नाही, असं कारण देण्यात आलं. खरं कारण ती एका बाईचं स्मारक आहे हेच असल्याचं अनेकांना वाटलं. १९३४ मध्ये मनोरा उभा राहिलाच. ऑस्ट्रेलियात एखाद्या महिलेचं उभारलेलं हे पहिलं नागरी स्मारक समजलं जातं आणि ते आजही तिथं आहे.

१९८४ मध्ये देशाच्या संसदेच्या एका मतदारसंघाला कोवन हे नाव देण्यात आलं. १९९१ मध्ये पर्थमधलं एडिथ कोवन विद्यापीठ त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. १९९५ मध्ये त्या ५० डॉलरच्या नोटेवर आल्या. त्याच नोटेच्या दुसऱ्या बाजूला आदिवासी लेखक आणि संशोधक डेव्हिड युनायपन यांचं चित्र आहे. एका बाजूला १८९९ मध्ये हक्क मिळालेली बाई आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना हा हक्क मिळवायला आणखी कितीतरी वर्षं लागली त्या समाजातला माणूस.

एडिथ कोवन महत्त्वाच्या का आहेत, याचं उत्तर आकड्यांत बघायचं असेल तर तेही सोपं आहे. साउथ ऑस्ट्रेलियानं महिलांना निवडणूक लढवायचा हक्क १८९४ मध्ये दिला, तिथं पहिल्या महिला निवडून आल्या १९५९ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांनी. देशाच्या संसदेचा हक्क १९०२ चा आणि पहिल्या महिला निवडून आल्या १९४३ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कायदा झाला १९२० मध्ये आणि पहिली महिला आमदार झाली १९२१ मध्ये.

कायदा सगळीकडं साधारण सारखाच होता. पक्षांची मानसिकता सारखी होती, टोमणेही सारखेच होते. फरक एवढाच की वेस्ट पर्थमध्ये कायदा व्हायच्या आधी २५ वर्षं एक बाई घरोघरी, कोर्टात, शाळेत आणि दवाखान्यात काम करत होती. आणि तरीही ती जिंकली ती फक्त ४६ मतांनी. २४ जणांनी मत बदललं असतं, तर आईला वारसा देणारा आणि मुलींना वकील होऊ देणारा कायदा आणखी किती वर्षं लांबला असता, कुणी सांगावं.